प्लीजला तिकडे काय म्हणतात

शब्दकोशाचं काम घरी बसून करीन, असं तिनं कबूल केलं तेव्हा बाळ पोटात होतं, आणि पोटातली बाळं फार समजूतदार असतात. आता पिलू बाहेर येऊन बसायला लागलं होतं, दात येत होते, सकाळपासून ते कडेवरून उतरायला तयार नव्हतं. इंग्रजी शब्दांना आइसलँडिक अर्थ द्यायचे, वापर सांगायचा, एवढंच काम. मोठमोठे शब्द तिनं हातासरशी उरकले होते. अडली होती ती ‘प्लीज’पाशी. ज्याला काडीची अक्कल लागत नाही, तो शब्द तिचा जीव खात होता.

नोंद दोनदा परत आली होती. संपादकांनी सकाळीच फोन केला होता. आजही जमलं नाही तर पुढची अक्षरं दुसऱ्या कुणाकडे देऊ, तुम्ही आधी तब्येत सांभाळा, असं म्हणाले. आवाज मऊ होता, पण हातात नारळ द्यायचाच बेत होता. कॉलेजात ती भाषा शिकायला तिनं वर्षं घातली होती. हे काम गेलं, तर दिवसभर बाळाचा ताप मोजण्यापलीकडे आपल्याला काय येतं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

त्या कोशाची एक रीत होती. उदाहरणाचं वाक्य नुसतं लिहून चालत नसे, तपासनिसाला फोनवर बोलून दाखवायचं. समोरच्यानं त्याला उत्तर द्यायचं, खरंच कुणी काही मागितल्यासारखं. उत्तर सुचलं नाही की वाक्य मेलं. तपासनीस बाई आइसलँडच्या, लग्न करून इथे आलेल्या. ऑफिसात सगळे त्यांना हिमबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या खेपेला तिनं जेवणाच्या टेबलावर मीठ मागणाऱ्या नवऱ्याच्या तोंडी ‘ग्येर्दू थाद’ घातलं होतं, म्हणजे जवळजवळ ‘पाया पडतो, एवढं कर’. हा मीठ मागतोय की प्राण, असं हिमबाईंनी विचारलं. दुसऱ्या खेपेला दूध मागणाऱ्या पोराच्या तोंडी ‘विन्सामलेगास्त’. हे पोर सरकारी नोकरीत आहे का, असं त्या म्हणाल्या. तो शब्द तिकडे दारांवरच्या पाट्यांवर शोभतो.

फोनची वेळ झाली. पिलू खांद्यावर कुरकुरत होतं. बाहेरच्या खोलीत सासूबाई उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसल्या होत्या. त्यांना हाक मारायची नाही, हे तिनं बाळंतपणाच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. त्यांनी बाळाला उचललं तेव्हा तिनं ते काढून घेतलं होतं आणि आधी हात धुवा म्हणाली होती. त्या उठून हात धुऊन आल्या, कोरडे केले आणि ते रिकामे हात मांडीवर ठेवून बसल्या. तेव्हापासून त्या मागत नव्हत्या आणि ही देत नव्हती. दोघी एकमेकींना ‘जेवलात का’, ‘जेवलीस का’ एवढं विचारत.

फोन लागला आणि पिलानं भोकाड पसरलं. ती वाक्य म्हणायला गेली, तिचं तिलाच ऐकू येईना. हिमबाईंनी थोडं ऐकून घेतलं. मग घरात दुसरं कुणी नाही का, असं विचारलं.

“आहेत. सासूबाई.”

“मग?”

“त्यांना कसं सांगू? प्लीज म्हटलं तर टोमणा वाटेल. नुसतं ‘घ्या’ म्हटलं तर हुकूम.”

हिमबाई हसल्या नाहीत. त्यांचा आवाजही दमलेलाच होता. म्हणाल्या, “आमच्याकडे घरात प्लीज नसतंच. एक शब्द आहे, दिवसभर तोच चालतो. भांडी घासायचा कंटाळा आला, ‘नेन्नी एह्की’. उठवत नाही, ‘नेन्नी एह्की’. जिवावर येतंय, एवढाच अर्थ. आणि कुणाला काही सांगायचं असलं तरी त्याच शब्दानं विचारायचं, ‘नेन्निर्दू?’ तुझ्या जिवावर येणार नाही ना, म्हणून. समोरचा दमलेला असणार हे धरूनच.”

तिनं फोन टेबलावर तसाच ठेवला आणि बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी सुई थांबवली. खांदे ओघळलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ह्याही दमतात, हे तिनं इतके महिने बघितलंच नव्हतं. तिची नजर सगळी पिलाच्या श्वासावर असायची.

“आई, तुमच्या जिवावर येणार नसेल तर हिला जरा घ्याल?”

सासूबाईंनी सुई अभ्र्यात खोचून ठेवली.

“जिवावर तर येतंय, कंबर धरलीय सकाळपासून,” त्या म्हणाल्या. “थांब, हात धुऊन येते.”

“राहू दे हात.”

त्या तरी गेल्याच. धुऊन, पुसून आल्या आणि पिलाला घेतलं. ते काही लगेच गप्प झालं नाही. उलट चांगलं दोन सूर वर गेलं. “रड बाई, रड,” त्या त्याला म्हणाल्या, “तुझ्या आईला काम आहे, मला नाही.” आणि खिडकीकडे चालू लागल्या. पिलाला नीट धरलं आहे का, हे बघायला ती एकदा वळली. दुसऱ्यांदा वळली नाही.

टेबलाशी येऊन तिनं फोन कानाला लावला. वाक्य सांगितलं, “नेन्निर्दू आद हाल्दा आउ बार्निनू?” बाळाला जरा घेशील का.

“मी उत्तर देऊ?” हिमबाईंनी विचारलं.

“उत्तर आलंय. जिवावर येतंय म्हणाल्या, आणि घेतलं.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला.

“लिही तर मग,” हिमबाई म्हणाल्या.