साडूच्या पडद्यावरची जहाजं

सासऱ्यांनी दुकानात पत्ते खेळायला यायचं बंद केलं आणि रेडिओ-मेकॅनिकच्या पोटात दुखायला लागलं. रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढायचं, स्टुलावर फळी टाकायची आणि एकमेकांना फसवून डाव मारायचे, हा दोघांचा जुना शिरस्ता. आता म्हातारा थेट धाकट्या जावयाकडे. दहाव्या मजल्यावर!

कारण काय, तर साडूने लॅपटॉपला बोटाएवढा रिसीव्हर खोचून, बाल्कनीत अँटेना टांगून समुद्रातली जहाजं पकडली होती. प्रत्येक जहाज आपलं नाव-ठिकाण रेडिओवर सारखं ओरडत असतं. सॉफ्टवेअर ते ऐकतं आणि नकाशावर ठिपका काढतं. त्यातल्याच एका ठिपक्यात म्हाताऱ्याचा मुलगा इंजिनाला तेल पाजत होता. बंदरात जागा नव्हती, म्हणून जहाज बाहेर नांगर टाकून बसलेलं, आणि इकडे म्हातारा ठिपक्यापुढे ठाण मांडून बसलेला.

"आयुष्य रेडिओ उघडण्यात गेलं तुमचं," बायकोने मीठ चोळलं, "आणि बाबांना जहाज दाखवलं कोणी? विमा विकणाऱ्याने!"

झालं. मेकॅनिकने तसाच रिसीव्हर आणला. अँटेना स्वतः वाकवली, साडूच्यापेक्षा देखणी. पण एक ठिपका येईल तर शपथ! जुना रेडिओ निदान खरखरत का होईना, बोलायचा. हे डिजिटल म्हणजे रुसलेली मेव्हणी. बोलली तर सगळं बोलणार, नाहीतर तोंडातून शब्द नाही.

त्याने केबल बदलली, आवाज चढवला, उतरवला. पडद्यावर रेडिओलहरींचा रंगीत धबधबा वाहत होता आणि त्यात कंगव्याच्या दातांसारख्या, सारख्या अंतराच्या पिवळ्या रेघा.

"जहाज असं ओरडत नाही," तो पुटपुटला. "हे कोणीतरी घरातलंच बोंबलतंय."

मग त्याने दुकानातले प्लग एकेक करून उपटले. काउंटरखालचा, फुटपाथवरून घेतलेला स्वस्त चार्जर निघाला, आणि रेघा गुल! ठिपके आले. किती? दोन. दोन्ही बंदरातल्या, जहाजं ओढणाऱ्या टगबोटी. मेहुण्याचं जहाज पार लांब, आणि दुकान तळमजल्यावर, समोर सहा मजली इमारत. तिच्यापलीकडचं ऐकणार कसं?

दुसऱ्या कोणी तो चार्जर कचऱ्यात टाकला असता. याने तो पुसला, डबीत घातला आणि भेट म्हणून साडूकडे नेला.

"या या, साडूभाऊ! आज वाट चुकलात?"

"म्हटलं, रिकाम्या हाताने कसं यायचं. हा घ्या चार्जर. बाल्कनीत बसून फोनवर बोलता ना, तिथेच लावतो."

आणि बरोब्बर अँटेनाखालच्या बोर्डात त्याने तो खोचला.

आत म्हातारा पडद्यावर बोट टेकवून बसला होता. "हे बघा, जावईबापू, आपलं पोरगं."

मेकॅनिक चहाचा घोट घेत बघत राहिला. ज्या जहाजाचा आवाज काही मिनिटं येत नाही, त्याचा ठिपका सॉफ्टवेअर पुसून टाकतं. एक पुसला. तीन पुसले. साडू लॅपटॉपवर टपल्या मारायला लागला. मेकॅनिकला आतून अशा काही गुदगुल्या होत होत्या की चहा नाकातून यायचा बाकी होता.

मग मुलाचा ठिपका गेला.

म्हातारा उभा राहिला. कप कलंडला, त्याचं भानच नाही. "बुडालं."

"अहो बाबा, सिग्नल..." साडू म्हणाला.

"आत्ता होतं, आत्ता नाही! बाकीचीही गेली. वादळ आलंय. फोन लावा रे कोणीतरी!" म्हाताऱ्याचे ओठ पांढरेफटक पडले होते आणि हात टेबल शोधत होता.

मेकॅनिकने चहाचा कप खाली आदळला. नाटक करायलाही सवड नव्हती. तो धावत बाल्कनीत गेला आणि चार्जर हिसकून काढला.

थोड्या वेळाने एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग पोरगं, जागच्या जागी.

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "हात बघा याचा! न बघता, न विचारता दोष धरला!"

साडूने चार्जर उचलला, उलटासुलटा केला. "खरंच हो, साडूभाऊ. नेमका इथेच कसा गेला हात?"

"अनुभव," मेकॅनिक म्हणाला आणि छताकडे बघायला लागला.

"ते काही नाही," म्हाताऱ्याने फर्मान काढलं. "जहाज बंदराला लागेपर्यंत तुम्ही रोज इथेच यायचं. यंत्र पुन्हा मुकं झालं तर माझा जीव जाईल."

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. मेकॅनिकला बाल्कनीत खुर्ची मिळाली, प्लगांशेजारी. आत सासरा आणि साडू खांद्याला खांदा लावून पडद्यापुढे.

"साडूभाऊ, राखण नीट चाललीय ना?" आतून आवाज आला.

"चाललीय!"

मग साडूने एक विनोद सांगितला. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला, मांडीवर थापा मारून हसला.

विनोद मूळचा मेकॅनिकचा होता.