अडतीस ग्रॅम

दादा चादर अंथरून जमिनीवर बसला होता आणि चादरीवर एकतीस दिवसांचा संसार मांडलेला होता. तंबू, त्याच्या काठ्या, आठ मेखा, स्लीपिंग बॅग, मुठीएवढा स्टोव्ह, दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान. उद्या सकाळी सहाला तो सायकलवर निघणार होता, एकटाच. मर्यादा त्याने स्वतःच घालून घेतली होती: सामान चौदा किलो, वर एक ग्रॅमही नाही.

आमची पद्धत ठरलेली. तो वस्तू हातात घेऊन आधी अंदाज सांगतो, मग ती काट्यावर ठेवतो आणि मी आकडा वाचून वहीत लिहिते. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर हेच चालतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं होतं. टूथब्रशची दांडी त्याने अर्ध्यात कापली होती, कपड्यांची लेबलं उसवली होती, नकाशाचे समाससुद्धा कातरले होते.

"मिशा काढा की," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तेवढेच दोन ग्रॅम."

"मिशांना हात लावायचा नाही. इंजिनाचा भाग आहेत त्या."

वहिनी थट्टा करत होती, पण या सफरीला ती एकाच अटीवर तयार झाली होती. दोन वर्षांपूर्वी दादा न्हाणीघरात फिट येऊन पडला. कपाळाला सात टाके पडले. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाली आणि पुन्हा फिट आली नाही. सायकल चालवायला हरकत नाही, पण एकही गोळी चुकता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळ्या घेतल्यात की नाही ते मी बघायचं, हे वहिनीने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

"औषधं," दादा पिशवी तोलत म्हणाला. "चाळीस."

काट्याने अडतीस दाखवले. तो खूश झाला. मी आकडा लिहिला नाही.

एकतीस दिवसांच्या बासष्ट गोळ्या. एक गोळी पाऊण ग्रॅमच्या आसपास भरते. नुसत्या गोळ्याच पंचेचाळीसच्या वर जायला हव्या होत्या, आणि पिशवीत मलम आणि बँडेजही होतं.

मी चेन उघडली. एक पाकीट, त्यात चार गोळ्या.

"दादा, बाकीच्या कुठे आहेत?"

त्याने स्वयंपाकघराचं दार पायाने लोटलं. "हळू बोल ना. चाळीस दिवस झाले, एकही घेतलेली नाही. डोकं कसं लख्ख झालंय म्हणून सांगू! त्या गोळ्यांनी मी निम्मा झोपेतच असायचो. आता रोज साठ किलोमीटर मारतोय. झालं काही? तू शास्त्र शिकलीस, तूच सांग. चाळीस दिवसांत शून्य फिट. हा पुरावा नाही?"

"काही झालं नाही, हे बघितलं कोणी?"

"मीच की! मला कळणार नाही होय? अगं, परवा चढावर तर मी..."

तो थांबला. हातात पिशवीचा पट्टा होता. त्यावर अंगठा मागेपुढे फिरत राहिला. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलले. डोळे माझ्याकडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हते. बाहेर कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं. सवयीने मी मोजलं. अकरा सेकंद.

"...पंचविशीतल्या पोरांना मागे टाकलं," तो म्हणाला.

"मधे काय झालं?"

"कशाच्या मधे?"

दार ढकलून वहिनी चहा घेऊन आली. मी विचारलं, "वहिनी, दादा बोलता बोलता थांबतो का गं?"

"रोजचंच आहे. हातात घास तसाच! मी म्हणते, अहो, मनातल्या मनात घाट चढताय का? आधी कधीतरी व्हायचं, आता दिवसातून चार-पाचदा. एकदा ही सफर होऊ दे, म्हणजे येतील जमिनीवर."

"चार-पाचदा?" दादाने विचारलं. त्याचा चेहरा क्षणभर लहान मुलासारखा झाला. मग तो उठला. भराभर पिशव्या भिंतीला टेकवलेल्या सायकलच्या कॅरियरला लटकवून त्याने ती दाराकडे वळवली. "माणूस विचारात असू शकत नाही का? सामानासकट एक चक्कर मारून येतो. उतारावर ब्रेक बघायचेत."

दादाची गल्ली जिथे संपते तिथे उतार थेट ट्रकच्या रस्त्याला मिळतो. मी कॅरियर धरला.

"सोड."

"नाही सोडणार. वहिनी, याने चाळीस दिवस गोळ्या घेतलेल्या नाहीत."

वहिनीने कप हातातच धरले. "अहो, ही काय म्हणतेय?"

"हिचं काही ऐकू नकोस. हिला प्रत्येक गोष्टीत..."

ओढ सैल पडली. हँडल एका बाजूला कलंडलं आणि भरलेली सायकल माझ्या अंगावर आली. दादा उभाच होता, अंगठा ब्रेकच्या तारेवर मागेपुढे करत.

"बघ त्याच्याकडे," मी म्हणाले. "फिट अशीही येते. मोज."

वहिनी मोजू लागली, आधी मनात, मग हळू आवाजात. आठ. नऊ. दहा. अकरा. तिची नजर माझ्यावरून दादाकडे वळली. बारा. तेरा. चौदा. "अहो," ती म्हणाली, आणि पुढचे आकडे मीच मोजले.