ऊन कुणाच्या वाट्याचं

हेमावतीला पहिली मुलगी झाली, ते साल शहात्तर. बाळंतपणाला ती माहेरी, माझ्याखाली आली आणि त्याच महिन्यात माझ्याखालच्या घरात सूड शिरला. म्हणून सांगायला तिथून सुरुवात करतो.

मित्रांनो, मी एक जुनं माळवद आहे. सोलापुरात शुक्रवार पेठेच्या एका बोळात माझं घर आहे. तुम्ही स्लॅबच्या घरात राहत असाल तर मला ओळखणार नाही. लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर चोपून बसवलेली पांढरी माती, असं सपाट छप्पर म्हणजे मी. थोरल्या वीरभद्रप्पांचं बारसं झालं त्या उन्हाळ्यात माझ्यावर पहिली माती पडली. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्याची गाणी म्हणत मला चोपलं. म्हणजे वीरभद्रप्पा आणि मी एकाच वयाचे. ते माझ्यावरच रांगायला शिकले.

माझे चांगले दिवस पुष्कळ झाले. माझ्यावर मिरच्या वाळल्या, शेंगा वाळल्या, कुरडया वाळल्या. उन्हाळ्यात सगळं घर अंथरुणं घेऊन वर यायचं. पाहुणे म्हणायचे, "काय गार माळवद हाय हो तुमचं!" दर वर्षी पावसाळ्याआधी घरातला जो तो एक तरी पाटी माती माझ्यावर टाकायचा. वीरभद्रप्पा आणि धाकटा निंगप्पा, दोघे भाऊ पैजेनं पाट्या आणायचे. ती माती म्हणजे माझं जेवण होतं.

चौऱ्याहत्तर साली निंगप्पा गेला. त्याची बायको काशम्मा, म्हणजे हेमावतीची आई, हिनं वाटणी मागितली. वीरभद्रप्पांना वाटत होतं की धाकटीनं मुकाट्यानं आपल्या हाताखाली राहावं. ती डोक्यावर पदर घेऊन पंचांसमोर उभी राहिली आणि दोन शब्द बोलली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पंचांनी माझ्या मधोमध चुन्याची रेघ मारली. पूर्वेची बाजू थोरल्याची, पश्चिमेची धाकटीची. खाली मधली भिंत घातली आणि ती सामाईक ठरली. न्हाणी आणि तांब्याचा बंब पूर्वेला गेला. वयस्कर पंच उठता उठता म्हणाले, "ऊन पाणी थोरल्याकडं. पर धाकटीला लागलं तर नको म्हणू नका."

पहिलं वाक्य वीरभद्रप्पांनी लक्षात ठेवलं. दुसरं विसरले.

आणि माती? थोरला म्हणाला, धाकटीनं टाकावी. धाकटी म्हणाली, थोरल्यानं आधी टाकावी. त्या सालापासून माझ्यावर एक पाटीही पडली नाही. मी हे विसरलो नव्हतो.

आता हेमावतीच्या बाळंतपणाचं. बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाणी लागतं, तेही घागरींनी. काशम्मा घागर घेऊन न्हाणीच्या दाराशी गेली. दाराला कुलूप होतं.

"अक्का, किल्ली द्या की," काशम्मा जावेला म्हणाली.

पार्वतम्मा कुजबुजली, "मी काय करू गं? किल्ली त्यांच्या करगोट्याला हाय!"

आमच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. जे बोलायचं ते तिसऱ्याला सांगायचं. म्हणून वीरभद्रप्पा आतून बायकोला म्हणाले, "तिला सांग, ऊन पाणी थोरल्याकडं. पंचाफुडं लई त्वांड चालत हुतं की. आता पंचाकडनंच घागर भरून आण म्हणावं."

काशम्मा म्हणाली, "अक्का, आप्पांना सांगा, लेक त्येंच्या भावाची हाय."

पार्वतम्मानं काही सांगितलं नाही. सगळं ऐकू गेलंच होतं.

काशम्मानं तुराट्या पेटवून, धुरात डोळे चोळत पाणी तापवलं. ते निम्मं तापायचं, निम्मं गार राहायचं. हेमावतीला थंडी भरली. तापानं ती फणफणली आणि तिचं दूध आटलं. पोरगी भुकेनं रडायची ते मला वरपर्यंत ऐकू यायचं. एका दुपारी काशम्मा एकटी माझ्यावर आली, रेघेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या माणसाला माज्या दारात ऊन पाणी मागाय लावीन. तवर सणाला होळगी तोंडात घालणार न्हाई."

पुरणाची होळगी हा तिचा जीव की प्राण. तिची शपथ माझ्याशिवाय कुणी ऐकली नाही. मला ती फार आवडली.

दोन वर्षांनी हेमावती पुन्हा आली. तिचा नवरा, श्रीमंत त्याचं नाव, गिरणीच्या कारखान्यात फिटर होता. मोठा थट्टेखोर माणूस. कुठल्या तरी प्रदर्शनात त्यानं उन्हावर पाणी तापवायची पेटी पाहिली होती. खोकं लाकडाचं, वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा आणि पत्र्यावर नळ्या. शेजारी उंचावर पिंप. तो सासूला म्हणाला, "अव्वा, तुमच्या माळवदावर बसवू या. सरपण नको, रॉकेल नको, अन् कुणाच्या करगोट्याची किल्ली बी नको."

काशम्मा लगेच हो म्हणाली नाही. पिंपाच्या ओझ्यानं माळवद बसलं तर? काच फुटली तर? बोळातले लोक हसले तर? पार्वतम्मा जिन्यातून म्हणाली, "आणि रातभर पिंपात ऱ्हायल्यालं पाणी शिळं की गं! शिळ्या पाण्यानं लिंगपूजा चालती व्हय?"

"ऊन कवा शिळं होतं का, अक्का?" हेमावती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशम्मानं काळं लोखंडी घमेलं पाण्यानं भरलं, वर खिडकीची जुनी काच झाकली आणि माझ्यावर ठेवून दिलं. दिवसभर ती भाकऱ्या थापत होती. कडक भाकऱ्या विकून तिचं घर चालायचं. दुपारी वर येऊन तिनं काच सरकवली आणि बाळाचं पाणी बघतात तसं कोपर बुडवलं. बुडवलं आणि झटकन मागं घेतलं.

ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि हाक मारली, "श्रीमंत! बसवा तुमची पेटी."

पेटीचं तोंड दक्षिणेला केलं. पिंप श्रीमंतनं बरोबर पश्चिमेच्या जाड भिंतीवर बसवलं, म्हणून मला त्याचं ओझं झालं नाही. पिंपाला काशम्मानं जुनी सोलापुरी चादर गुंडाळली. खाली तिच्या मोरीत नळ आला. पहिल्या दिवशी नळातून वाफाळतं पाणी आलं तेव्हा बोळातल्या बायका बोटं भाजून घ्यायला आल्या.

वीरभद्रप्पा वर आले. पेटीकडे बघत बायकोला म्हणाले, "तिला सांग, पंचानी ठरवलंय, ऊन पाणी थोरल्याकडं. ऊन माझं हाय."

श्रीमंत हसत सुटला. "आप्पा, ते ऊन म्हंजे कढत! हे ऊन म्हंजे सूर्याचं!"

"शब्द एकच हाय न्हवं? ऊन ते ऊन. अन् उगवतं कुठनं? माज्या बाजूनं."

काशम्मा पदराआडून म्हणाली, "अक्का, आप्पांना सांगा, दोरीनं बांदून ठेवा मग."

बोळ हसला. वीरभद्रप्पा हसले नाहीत. दसऱ्याला त्यांनी गवंडी आणला आणि माझ्यावर पुरुषभर उंच दगडी भिंत चढवली, पूर्वेकडून येणारं ऊन अडवायला. सामाईक भिंतीला हात लावला तर पंच विचारतील, म्हणून ती त्यांनी हातभर आपल्या बाजूला घेतली, नुसत्या तुळईवर. त्या तुळईखाली त्यांची न्हाणी होती. गवंडी म्हणाला, "आप्पा, खाली आधार न्हाई." आप्पा म्हणाले, "तू दगड लाव."

मित्रांनो, ज्यानं एवढी वर्षं मला मूठभर माती दिली नाही, त्यानं माझ्या पाठीवर दगड रचले. माझी तुळई करकरली. मी तेव्हाच ठरवलं.

भिंतीचा उपयोग काय झाला, तेही ऐका. सकाळचं थोडं कोवळं ऊन अडलं. पण पाणी तापतं ते दुपारच्या उन्हावर, आणि ते दक्षिणेकडून येत होतं. दिवाळीला बिनचुन्याची भिंत ठेवणं अशुभ, म्हणून पार्वतम्मानं तिला दोन्ही बाजूंनी पांढरा शुभ्र चुना दिला. मग मावळतीकडे कललेलं ऊन त्या चुन्यावर आपटून पेटीवर पडायला लागलं. पाणी पहिल्यापेक्षा कढत! कार्तिकात हेमावतीला मुलगा झाला. भर दुपारी त्याला आंघोळ घालताना काशम्मा मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "बाळा, थोरल्या आज्जाला सांग, भिंत लई उपकाराची झाली! आजून एक बांदा म्हणावं."

भिंतीपलीकडे वीरभद्रप्पांना सगळं ऐकू जायचं.

पुढच्या भाद्रपदात मोठा पाऊस लागला. माझा उतार पूर्वेच्या पन्हाळीकडे. भिंतीनं पाण्याची वाट अडवली आणि तिच्या पायाशी तळं साचलं. माती तर मुळात उरली नव्हती. पाणी आत शिरलं, तुळई भिजली. घरात सगळे देवापुढे बसले होते, न्हाणीत कुणी नव्हतं. ती वेळ मी साधली. तुळई मोडली, भिंत मोडली, आणि सगळे दगड खालच्या बंबावर गेले. कुलूप मात्र दाराला तसंच लटकत राहिलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

पार्वतम्मा मग चुलीवर पाणी तापवायला लागली. तिचे हात दुखायचे. ती रेघेपाशी येऊन पिंपाकडे बघायची. काशम्मा तिला म्हणाली, "अक्का, तुमी कवाबी न्या. पर आप्पांच्या आंगुळीचं पाणी आप्पांनी मागायचं."

हे ऐकून वीरभद्रप्पा गार पाण्यानं आंघोळ करायला लागले. हट्टानं, थंडीतसुद्धा, चुलीवरचं पाणीही नको म्हणून. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ते घास तोंडात घालत नसत. त्यांना खोकला धरला, मग ताप आला.

डिसेंबरात एका दुपारी ते हातात तांब्या घेऊन जिना चढून वर आले. त्यांची बाजू पडलेली, म्हणून रेघ ओलांडून काशम्माच्या बाजूला पेटीशेजारी बसले. अंगात थरथर होती. काशम्मा मिरच्या पसरत होती. आजूबाजूला तिसरं कुणी नव्हतं. कुणाकडून निरोप सांगायचा?

मग वीरभद्रप्पांनी माझ्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसाच. म्हणाले, "माळवदा, तिला इचार, जरा ऊन मिळंल का."

काशम्माचे हात थांबले. तीन वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो आला होता. पण तो पुरता आला नव्हता. ती म्हणाली, "माळवदा, त्येंना म्हणावं, कुठलं ऊन? वरचं का नळातलं? नीट मागा."

मित्रांनो, त्या घडीला मला तोंड असतं, तरी मी मधे पडलो नसतो. नीट मागू दे, असंच मलाही वाटत होतं.

वीरभद्रप्पा वर सूर्याकडे बघून म्हणाले, "वरचं." आणि थोडा वेळ उन्हात बसून, रिकामा तांब्या घेऊन उतरून गेले. काशम्मा मागोमाग खाली गेली आणि नळाची तोटी धरून मोरीत उभी राहिली. ते दाराशी येऊन मागतील म्हणून ती दिवस मावळेपर्यंत तिथं उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडे रडं उठलं. काशम्मानं मोरीच्या दाराला कडी घातली आणि त्या दिवशी कुणालाही थेंबभर पाणी घेऊ दिलं नाही. दुपारी, पाणी सगळ्यात कढत झाल्यावर, तिनं घागरीमागून घागर भरून पलीकडे नेली. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवतात, तसं वीरभद्रप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं सगळं पाणी तिनं आणलं. कुणी मागितलं नव्हतं. शेवटच्या घागरीत तिनं कोपर बुडवून पाहिलं आणि पार्वतम्माला म्हणाली, "अक्का, आप्पांना सांगा, ऊन हाय."

होळगी ती आजही खात नाही. मागणं झालंच नाही, मग शपथ सुटणार कशी?

आता मी निम्माच उरलो आहे. पेटीखालची माझी बाजू शाबूत आहे. यंदा पावसाळ्याआधी दोघी जावांनी मिळून माझ्यावर माती टाकली. मित्रांनो, तुमच्या डोक्यावर जे छप्पर असेल त्यावर वेळेवर माती टाका. ते तुमचं सगळं ऐकतं, काही विसरत नाही, आणि भांडणात मधे पडत नाही.

वीरभद्रप्पा सोमवारी, दहा डिसेंबर एकोणीसशे एकोणऐंशी रोजी सकाळी, आंघोळीआधी वारले.