बायकांचा तास

व्यायामशाळेच्या हौदात सकाळ मुलांची होती, संध्याकाळ मोठ्या पुरुषांची, आणि अमरावतीच्या एप्रिलात कावळाही ज्या वेळी सावली सोडत नाही ती दुपार बायकांची. कुंदाला याचा राग पहिल्याच दिवशी आला होता. पण हौद मिळाला हेच पुष्कळ झालं, असं सगळे म्हणाले. म्हणणाऱ्यांत बायकाही होत्या. म्हणून ती गप्प राहिली.

कुंदा मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. माहेर अकोल्याचं. तिथे मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुके भोपळे बांधून, ती लहानपणी पोहायला शिकली होती. परकर सुटला तशी विहीरही सुटली. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेली, म्हणून व्यायामशाळेनं बायकांच्या तासावर देखरेखीला तिलाच नेमलं. पश्चिमेला व्यायामशाळेची दुमजली इमारत होती, खाली तालीम आणि वर वाचनालय. त्या भिंतीला लागून, थेट पाण्यापर्यंत आलेली, टिनाची पडवी होती. बाकी तिन्ही बाजूंना बायकांसाठी म्हणून कपाशीच्या सुक्या पऱ्हाट्यांचा पुरुषभर उंच कूड घातला होता. शाळेतून आली की कुंदा छत्री मिटून पडवीतल्या खुर्चीवर बसायची आणि पाण्याकडे बघायची.

शिकवायचे उत्तमराव वस्ताद, पण कुडाच्या पलीकडून. आत येणं शोभलं नसतं, म्हणून ते बाहेर पाठ करून उभे राहायचे आणि आवाज द्यायचे, "हात मारा. पाय मारा. दम सोडा." कोण हात मारतंय आणि कोण नुसतीच ओरडतेय, ते त्यांना दिसत नसे. त्यांची बायको गोदाबाई दोर घेऊन काठावर बसायची. ती पट्टीची पोहणारी होती, पण तिला शिकवता येत नसे. कोणी गटांगळी खाल्ली की ओढून काढायची आणि पुन्हा सुपारी कातरत बसायची.

आणि पोहणं तरी कसलं. नांदगाव खंडेश्वरहून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड केलेल्या पार्वताबाई पदर दातांत घट्ट धरायच्या आणि हनुवटी पाण्याबाहेर काढून सरळ उभ्याच पुढे सरकायच्या. रुख्मिणी कुशीवर वळून एकाच हातानं पाणी ओढायची, दुसरा हात छातीशी. साहजिकच ती गोल फिरून निघाल्या जागी परत यायची. सत्यभामा गळ्यापर्यंत बुडून, पाण्याखालीच हात हलवत, कणीक मळावी तशी पुढे जायची. आडवं कोणी होईना, हात पाण्याबाहेर कोणी काढीना. आडवं झालं की पाणी तुम्हाला उचलतं, उभं राहिलं की अडवतं, हे कुंदानं पाण्यावर लाकडाची पट्टी ठेवून दाखवलं, घागर पाण्यात घालून दाखवलं. बायका माना डोलवायच्या आणि पुन्हा उभ्याच्या उभ्या.

चमत्कारिक गोष्ट अशी की पडवीच्या काठाशी त्याच बायका छान पोहायच्या. भिंतीला धरून आडव्या व्हायच्या, हात लांब टाकायच्या, रुख्मिणी तर मासोळीसारखी जायची. काठापासून थोडं दूर, उघड्या पाण्यात आल्या की जणू कोणी पायाला धोंडा बांधला.

कुंदानं कारण शोधायचं ठरवलं. खोलीची भीती म्हणावी, तर पडवीकडची बाजूच सगळ्यांत खोल होती. आतून पाण्याला ओढ असेल, म्हणून तिनं संत्र्याची सालं हौदाच्या मध्यावर टाकून पाहिली. ती होती तिथेच फिरत राहिली. उन्हाची तिरीप असेल, तर एक दिवस चांगलं आभाळ भरून आलं, पडवीची सावलीच उरली नाही, तरीही बायका त्याच जागी उभ्या झाल्या. त्या दिवशी कुंदाचा संयम सुटला. शिकायचंच नसेल तर दुपारची झोप मोडून येता कशाला, असं ती बोलून गेली. रुख्मिणीनं मान खाली घातली. पार्वताबाईंनी दातांतला पदर काढला, कुंदाकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं, आणि पुन्हा धरला.

रागवायला कारणही होतं. व्यायामशाळेचे अध्यक्ष महादेवराव जुन्या वळणाचे, तोंडाचे फटकळ. उन्हाळी शिबिराच्या पोरांना दुपारचा हौद द्यावा, बायकांनी दोन महिने नुसतं पाणी ढवळलं, असं त्यांनी सभेत सांगितलं होतं. कमलाकांत वकील चिटणीस होते आणि बायकांच्या बाजूनं एकटेच भांडले. शेवटी ठरलं ते असं. पुढच्या रविवारी तिघींनी, पडवीकडून निघून समोरच्या काठापर्यंत, हौद आडवा पार करायचा. समोरच्या काठावर पितळी घंटा टांगायची. पुरुष मंडळी बाहेरच्या मांडवात बसतील, आत कोणी डोकावणार नाही. तीन वेळा घंटा ऐकू आली तर तास राहील, नाही तर गेला. "माझा शब्द," महादेवराव म्हणाले होते, आणि त्यांचा शब्द फिरत नसे.

शनिवारी संध्याकाळी कुंदा कमलाकांतरावांकडे गेली, एक पंधरवडा वाढवून मागायला. त्यांनी आपुलकीनं बसवलं, बायकोकडून सरबत मागवलं. आपण आहोत तोवर तासाला धक्का नाही, असं पुन्हा एकदा सांगितलं. पण आता सभेचा ठराव झाला आहे, तो कसा मोडणार. मग वातावरण हलकं करावं म्हणून हसले.

"तरी पण कुंदाताई, तुमच्या त्या पार्वताबाई. मांजर पिल्लू नेते तसा पदर धरून चालतात पाण्यातून. ती मूर्ती समोर आली की हसू आवरत नाही हो."

कुंदाही हसली. मोठ्या माणसाच्या घरी हसावं लागतं तेवढं. नमस्कार करून निघाली, अंबादेवीच्या रस्त्याला लागली आणि मध्येच थांबली. मागून येणारा टांगेवाला खेकसला, तेव्हा बाजूला झाली. पार्वताबाईंचा पदर ती कोणाजवळ बोलली नव्हती. वस्तादांना तो दिसत नव्हता. गोदाबाई नवऱ्याशीसुद्धा मोजकं बोलायची. मग समोर कशी आली ती मूर्ती?

रविवारी ती वेळेच्या बरीच आधी हौदावर गेली. जुनं नऊवारी नेसून, कासोटा घट्ट मारून पाण्यात उतरली. इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागलं, पण त्याचं सुख घ्यायला मन जागेवर नव्हतं. पडवीच्या काठाकाठानं गेली, मग पाय रेटून उघड्या पाण्यात आली आणि उताणी झाली.

पडवीच्या टिनाच्या वर, आजवर ती बसत आली त्या खुर्चीच्या नेमकी डोक्यावर, वाचनालयाची खिडकी होती. खिडकीला आडव्या पट्ट्यांची झिलमिली होती, आणि तिच्या मधल्या दोन पट्ट्या काढलेल्या होत्या. त्या काळ्या फटीतून सगळा हौद दिसत असणार. पडवीच्या छपरानं झाकलेला काठाचा पट्टा तेवढा सोडून.

तिनं संत्र्याची सालं टाकली, आभाळ पाहिलं, सगळं तपासलं. आपण कुठे बसून बघतो ते मात्र तपासलं नाही.

बायका येऊ लागल्या. मास्तरीणबाईंना पाण्यात बघून रुख्मिणी तोंडावर हात ठेवून हसली. मग सगळ्यांनी कुंदाची नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हसणं थांबलं.

"तुम्हाला माहीत होतं," कुंदा म्हणाली.

पार्वताबाई काठावर बसल्या. "मास्तरीणबाई, तुमी त त्याच्या खालीच बसता. आमाले वाटलं तुमाले मालूमच हाये."

म्हणजे दोन महिने या बायका तिला त्या खिडकीची राखणदार समजत होत्या, आणि तरीही रोज येत होत्या. कुंदानं काठ धरला.

"मला का नाही सांगितलं? घरी का नाही सांगितलं?"

"घरी सांगून का होते? खिडकी कोनी बंद करन नाही. आमालेच बंद करतीन." पार्वताबाईंचा आवाज चढला नाही. भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "माह्या घरचे मांडवात येऊन बसले हायेत आता. त्याइले हे समजलं त उद्या मी नांदगावले. म्हून उभ्यानं पोहतो आमी. आंग पान्याच्या वर आलं नाही म्हंजे झालं."

"आज आडव्या होऊन गेला नाहीत तर समोरचा काठ गाठणार नाही. तास जाईल."

"जाईन," पार्वताबाई म्हणाल्या. "पन त्याच्यासमोर मी आडवी होनार नाही."

कुंदा पाण्याबाहेर आली. लुगडं पिळलं, त्यावर गोदाबाईची कोरडी चादर गुंडाळून घेतली आणि खुर्चीला टेकवलेली छत्री उचलली. खिडकीत छत्री उघडी दिसली की निघा, तोवर काठ सोडू नका, एवढंच सांगून ती तालमीच्या मागच्या जिन्यानं वर गेली. पायऱ्यांवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उठत होते. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि इतकं स्पष्टही तिला कधी दिसलं नव्हतं.

वाचनालय दुपारी बंद असतं, असा दारावर फलक होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीकडे तोंड करून तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर कमलाकांतराव, दोहोंवर त्यांचे दोन स्नेही, मध्ये तिपाईवर पानाचा डबा. स्नेही उठले, भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागले आणि मग एकामागून एक जिना उतरून गेले. कमलाकांतराव मात्र बसून राहिले.

"कुंदाताई, या अवस्थेत वर कशाला आलात? सर्दी होईल."

ती खिडकीपर्यंत गेली. छत्री उघडून काढलेल्या पट्ट्यांच्या फटीवर लावली, एक रिकामी खुर्ची उलटी फिरवून तिला टेकवली, आणि हौदाकडे पाठ करून तीत बसली. खोलीत एकदम अंधारलं.

कमलाकांतरावांनी पानाचा डबा मिटला. "चिटणीस म्हणून कुणाला तरी लक्ष ठेवावं लागतं. उद्या एखादी बुडाली तर जबाबदार कोण?"

"लक्ष ठेवायला पट्ट्या काढाव्या लागत नाहीत."

"तुम्ही खाली जाऊन सांगणार नाही," ते शांतपणे म्हणाले. आवाजात वकिली होती. "सांगितलंत तर उद्यापासून एक बाई हौदावर फिरकणार नाही. तुम्हालाही ते कळतं. आणि हा तास माझ्यामुळे आहे. मी हात काढून घेतला तर महादेवराव आजच पोरं सोडतील पाण्यात."

पार्वताबाईंनी खाली जे सांगितलं तेच हा माणूस वर सांगत होता. फरक एवढाच की त्या बायका ते सोसत होत्या आणि हा त्यावर पान खात होता. ओल्या चादरीतून पाणी जमिनीवर ठिबकत राहिलं.

"म्हणूनच सांगत नाही," ती म्हणाली. "बसले आहे. तुम्ही खुशाल हात काढा. आज घंटा वाजली तर तास त्यांचा स्वतःचा होईल. मग तुमचा हात असला काय, नसला काय."

"आणि नाही वाजली तर?"

खालून वस्तादांची हाक आली, "हात मारा." मग पाण्याचा आवाज. कुंदाला मागे वळून बघायची फार इच्छा झाली. दोन महिने तिनं या बायकांचा प्रत्येक हात, प्रत्येक पाय पाहिला होता, आणि आज, त्या खऱ्या पोहत होत्या तेव्हा, तिच्या समोर एका वकिलाचा चेहरा होता. ती हलली नाही. हलली असती तर फट उघडी पडली असती.

पाण्याचा सपसप आवाज लांब गेला. सलग, हात बाहेर काढून मारल्याचा आवाज. घंटा वाजली.

रुख्मिणी असणार, इतक्या वेगानं दुसरी कोण. कमलाकांतरावांनी चष्मा पुसायला घेतला. दुसऱ्यांदा पाणी वाजलं, जरा अडखळलं, गोदाबाईचं काहीतरी ओरडणं ऐकू आलं, आणि मग घंटा. मांडवात कुजबुज झाली.

तिसऱ्या वेळी आवाजच येईना. पार्वताबाईंचं पाणी कधीच वाजत नसे. वस्तादही हाक द्यायचे थांबले. कुंदा मागच्या छत्रीच्या दांड्याला घट्ट धरून बसली होती. पार्वताबाई निघाल्या तरी आहेत का, की छत्रीवर विश्वास न ठेवता काठालाच धरून उभ्या आहेत? ठेवावा तरी का त्यांनी? कालपर्यंत त्यांच्या लेखी ती त्याच खिडकीची होती.

कमलाकांतराव किंचित हसले. "पदर तोंडात धरल्यावर दम लागतोच," ते म्हणाले.

आणि घंटा वाजली. एकदा वाजून थांबली नाही, वाजतच राहिली. मांडवातून महादेवरावांचा खणखणीत आवाज आला, "पुरे, ऐकू आलं. तास राहिला." तरी घंटा थांबेना. पार्वताबाई घंटेचा दोर सोडायला तयार नव्हत्या. बायकांचा गलका उठला, त्यांतून नांदगावचा ठसकेबाज आवाज वरपर्यंत आला, "वाजवू द्या ना. कोनाले त्रास होऊन राहिला?"

कमलाकांतराव उठले. उपरणं झटकलं, डबा उचलला. दारापाशी थांबून म्हणाले की आता झालं ना मनासारखं, आता ती छत्री काढा, खोली कोंदली आहे. पट्ट्या उद्या सुताराकडून बसवून घेऊ.

"पट्ट्या कुठे आहेत?" कुंदानं विचारलं.

त्यांची नजर पुस्तकांच्या कपाटाकडे गेली. कुंदा खुर्चीतूनच म्हणाली, "काढताना सुतार लागला नव्हता."

जिन्यावरून मांडवातल्या मंडळींच्या वर येणाऱ्या चाहुली ऐकू येऊ लागल्या. चिटणीसांचं अभिनंदन करायला येत असावेत. कमलाकांतराव क्षणभर दाराकडे बघत राहिले. मग कपाटामागे हात घालून त्यांनी दोन पट्ट्या काढल्या, धोतराचा सोगा खोचला, आणि खिडकीशी येऊन, तिच्या खुर्चीमागे वाकून, छत्रीच्या कडेखालून एकेक पट्टी खाचेत सरकवू लागले. पहिली पट्टी तिरकी बसली.

"सरळ करा," कुंदा म्हणाली. "मी थांबते. अजून तास संपलेला नाही."