काचेवरचा श्वास

"काचेवर तोंडाने ‘हा’ कुणी केला?" झिल्विनाससाहेबांनी विचारलं, आणि धूळबंद खोलीतले सगळे रिमगाउदास मास्तरांकडे बघायला लागले.

चाचणीच्या अतिनील लेसरखाली सहाही आरसे जळले होते. त्या किरणांपुढे आरशावरचा लेप टिकायचा, तर खालच्या काचेवर श्वासाचा डागही चालत नाही. मास्तर जुन्या जमान्यातले. तेव्हा काच तपासायला तिच्यावर तोंडाने ‘हा’ करायचे. वाफ सगळीकडून एकसारखी उडाली की काच स्वच्छ समजायची. या खोलीत त्याला सक्त मनाई होती आणि मास्तरांनी ती सवय केव्हाच सोडली होती.

त्या सकाळी ‘हा’ केला होता दांगुओलेने. तोंडावरची पट्टी खाली ओढून, शेवटची खात्री म्हणून. विल्नियसमधल्या या लेसरच्या आरशांच्या कारखान्यात लागून तिला तीनच महिने झाले होते.

"जित्याची खोड तुमची," साहेब म्हणाले. "मेल्याशिवाय जायची नाही."

मास्तरांनी एकदा दांगुओलेकडे बघितलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

ती मूग गिळून बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी चालली होती, आणि चोर खाली मान घालून उभा होता. लेप चढवायचं यंत्र मास्तरांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते खोकी भरायच्या टेबलावर बसले.

उद्या सांगू, उद्या सांगू करता दोन वर्षं गेली. आज मास्तरांचा शेवटचा दिवस. सगळ्यांचा केक खाऊन झाल्यावर ती त्यांच्या टेबलापाशी गेली.

"मास्तर, त्या दिवशी ‘हा’ मी केला होता."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला ती खोड लावली कुणी? पहिल्याच दिवशी मोठ्या फुशारकीनं मीच दाखवलं ना, आमच्या वेळी असं बघायचे म्हणून."

"मी आत्ता साहेबांना सांगते."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "आता कशाला गं? हे हात घेऊन कुठे जाऊ यंत्रापाशी? तेव्हा सांगितलं असतंस, तर गेलो असतो."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण त्यांनी चष्मा काढला, भिंगावर ‘हा’ केला आणि दिव्यासमोर धरला.

"इथे चालतं," ते म्हणाले.

वाफ कडेपासून मध्याकडे एकसारखी उडत गेली. ती संपेपर्यंत दोघंही बघत राहिली.