नारळासाठी थांबणारा झेंडा

मी हिरवा झेंडा बोलतोय. सायखेड्याच्या माळावर थंडीत मोटारींची शर्यत भरते ना, तिथला. आत्ता मी कोंडाजींच्या काखेत गुंडाळून पडलोय. गोदावरीवरून धुकं चढून आलंय, रांगेतल्या गाड्या नुसत्या सावल्यांसारख्या दिसताहेत, आणि मी जागा आहे की झोपेत, ते माझं मलाच कळत नाहीये. अशा वेळी मागचं आठवत राहतं.

जन्माने मी झेंडा नाही. मी ओटीतला ब्लाउजपीस! आमची जात घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. आम्हाला शिवायचं कुणाच्याच मनात नसतं. या घरातून हळदीकुंकवाला निघायचं, त्या घरच्या कपाटात झोपायचं, तिथून कुणाच्या डोहाळजेवणाला. एकदा तर मी फिरत फिरत पहिल्याच घरी परत आलो आणि त्या बाईंनी “रंग काय छान आहे!” म्हणून माझं कौतुक केलं. शेवटी सायखेड्याच्या लताबाईंच्या ओटीत पडलो. त्या शिवणकाम करतात, पण मला त्यांनीही गाठोड्यातच टाकलं होतं.

एके दिवशी कोंडाजी दारात आले. माळावरच्या शर्यतीत गाड्या सोडायचं काम त्यांचं.

“वहिनी, झेंडा पायजे. हिरवा.”

“हा घ्या. नायतरी याचं ब्लाउज कोण शिवणार व्हतं?” लताबाई हसल्या. त्यांनी मला चारी बाजूंनी दुमडून शिवलं, काठी घातली, आणि मी कामाचा झालो.

काय दिवस होते ते! अंतिम शर्यतीत कोण धावणार हे पात्रता फेरीत ठरायचं, आणि त्या फेरीत गाड्या एकेक करून सुटायच्या. एक गाडी, मोकळा माळ, वर मी. माणसं भेळभत्त्याचा घास हातातच धरून गप्प व्हायची. काचेमागचे दोन डोळे फक्त माझ्याकडे बघत असायचे. मग मी खाली यायचो आणि धूळ उठायची. मला तर ते सगळं स्वप्नासारखं वाटायचं.

पण त्याआधी नारळ. जिची पाळी, त्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं, पुढे दगडावर नारळ फोडायचा, हा इथला रिवाज. नारळ फुटेपर्यंत कोंडाजी मला खाली आणत नसत. एखादा नारळ हट्टी निघायचा, मग सगळा माळ त्याची वाट बघायचा. वेळ मोजायची ती मी खाली आल्यापासून, त्यामुळे त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

लताबाईंची मुलगी सृष्टीही या शर्यतीत उतरते. जुनी मारुती, आतून लोखंडी पाइप ठोकलेले, दाराच्या काचा काढलेल्या. तिला एकच ध्यास. एकदा तरी अंतिम शर्यतीच्या रांगेत उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी तिची जागा एका गाडीच्या फरकाने हुकली. घरी जाताना ती कोंडाजींना म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी नक्की.”

पुढच्या वर्षी पद्धतच बदलली. शर्यत भरवणारा हर्षल शहरातला, गंगापूर रोडचा. पोरगा गुणी, परदेशातल्या शर्यती बघणारा. एकेक गाडी बघताना पोरं कंटाळून निघून जातात, हे त्याने पाहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्याने खांबावर दिवा लावला. हिरवा झाला की सगळ्या गाड्या एकदम बाहेर, थोड्या थोड्या वेळाने भोंगा, आणि दर भोंग्याला सगळ्यात मागची गाडी बाद. मला काम उरलं नाही. कोंडाजी सवयीने मला घेऊन उभे होते, एवढंच.

दिवा हिरवा झाला. गाड्या सुटल्या. सृष्टीची गाडी मात्र जागीच, कारण पुढे लताबाई नारळ घेऊन उभ्या. शर्यत नारळासाठी थांबते, हेच त्यांना माहीत!

“आई, दिवा लागला गं!”

“लागू दे. नारळ फुटल्याबिगर गाडी हलायची नाय.”

पहिल्या फटक्याला नारळ हातातून निसटला आणि गडगडत दोरीपलीकडे गर्दीत गेला. कुणीतरी धावत आणून दिला. अखेर फुटला आणि सृष्टी सुटली, पण समोर बाकीच्यांनी उडवलेली धूळ, वाट दिसेना. तिची एक फेरी पुरी होते न होते तोच भोंगा वाजला. सृष्टी बाद. कोंडाजींनी माझी काठी घट्ट आवळली. मला फार वाईट वाटलं हो. मी असतो तर थांबलो असतो. दिव्याला थांबणं ठाऊक नाही.

मग जुंपली. मानपानावरून लग्नात होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिलीत, ही त्यांच्या वरताण होती. “पोरीचा नारळ फुटस्तोवर दम नाय निघाला?” म्हणून काही जण हर्षलवर धावले. “उगा बोलू नका. औंदाच तर लय मजा आली, आधी नुसत्या जांभया येत व्हत्या,” असं वाल्मीक भेळवाला म्हणाला. हर्षल बिचारा सांगत होता, “अहो, नियम आधीच सांगितला होता.” लताबाईंच्या पदरात नारळाचे तुकडे तसेच होते, वाटलेच नाहीत.

मला कोंडाजींनी आपल्या द्राक्षबागेत काठीवर बांधलं, पाखरं हाकायला. उन्हाने विरलो, कडा फाटली. वारा आला की मी हलायचो, पाखरांचा थवा भुर्र उठायचा, आणि मला वाटायचं, गाड्या सुटल्या! असे किती दिवस गेले, कोण जाणे.

एका सकाळी हर्षल बागेत आला. “काका, यंदा दोन्ही करू. आधी दिव्यावर बाद फेरी. त्यातून जे उरतील ते एकेकटे सुटतील. झेंड्यावर. ती फेरी पुरी केली की अंतिम शर्यतीत जागा पक्की.”

कोंडाजींनी मला धुतलं आणि लताबाईंकडे नेलं. त्यांनी फाटलेली कडा पुन्हा दुमडून शिवली. म्हणाल्या, “मी काय यायची नाय मैदानावर. माझ्याच हातानं पोरीचं नुकसान झालं.” सृष्टी शेजारीच गाडीचे हातमोजे शोधत होती. “तू नाय आलीस तर मी गाडीच काढणार नाय,” एवढंच म्हणाली. लताबाईंनी दाताने दोरा तोडला आणि मला कोंडाजींच्या हातात दिलं.

आणि आज शर्यत आहे. सृष्टीची गाडी रांगेत आहे, पण तिने अजून इंजिन चालू केलेलं नाही. मागे वळून वळून धुक्यात बघतेय. लताबाई, माझं एक ऐका. मला त्या पोरीला सोडायचंय. ती दिव्यातून पार होऊन माझ्यासमोर एकटी उभी राहिली पाहिजे. तुमच्यावाचून ती हलायची नाही.

थांबा. धुक्यातून कुणीतरी येतंय. हातात पिशवी आहे, पिशवीतून नारळाची शेंडी डोकावतेय. भराभर या हो, लताबाई. दिवा अजून लाल आहे.