घुमीची पाच कलमं

"अहो मावशी, टेबलावर गुणपत्रकं आहेत!"

मावशीने ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि मातीने भरलेल्या दहा पिशव्या शेतीच्या सरांपुढे मांडल्या. शाळेच्या मळ्यात सव्वीस वर्षं पाणी घातल्यावर माणसाला कधी बहिरं व्हावं ते कळतं.

डावीकडच्या पाच कलमांना टपोरे फुटवे होते. उजवीकडची पाच काळी पडून वाळली होती.

"ही घुमीची," मावशी म्हणाली. "आणि ही तुमच्या पहिल्या नंबरची. पिशव्यांवर परीक्षेचे नंबर तुमच्याच अक्षरातले. पाणी दोघींना एकाच झारीने."

वर्गात तोंड उघडत नाही म्हणून तिचं नाव घुमी. लेखीत ती जेमतेम तरली होती. प्रात्यक्षिकात मात्र चाळीसपैकी अकरा, म्हणजे नापास. पत्रक चार वाजता वरच्या कचेरीत जाणार होतं. सरांनी गुण कापले ते कलमाचा जोड बांधायच्या पट्टीच्या गाठीवर, आणि ती गाठ मावशीने शिकवलेली. परीक्षेपासून तीन आठवडे मावशीला जेवण गोड लागलं नव्हतं.

"परीक्षा त्या दिवशी झाली, गुण त्या दिवशीचे," सर म्हणाले. "बांधणी पाहिलीत तिची? गबाळी!"

"पट्टी देखणी बांधली म्हणून कुणी दुखणेकरी उठून बसलाय का, सर? कलम धरलं का ते बघायचं. त्याला एकवीस दिवस लागतात."

"आणि लेखीत तळाला असलेली इथे वर कशी? वरचे विचारतील ना! दोन्ही आकडे जुळायला नकोत?"

"म्हणजे लेखीचे गुण बघून कलमाचे दिलेत?"

सर पिशव्यांकडे बघू लागले. मुख्याध्यापिका बाई दारात कधीच्या उभ्या होत्या. त्यांनी लेखीचा गठ्ठा ओढला. 'कलम न धरण्याची कारणे लिहा.' पहिल्या नंबरने आठ लिहिली होती, आठही अचूक. घुमीचं पान कोरं.

"तिला कशी ठाऊक असणार?" मावशी म्हणाली. "तिची धरतात."

बाईंना हसू आवरेना. "सर, ते अकरा खोडा आणि शेजारी सही करा. अडतीस. पहिल्या नंबरला लेखीत पैकीच्या पैकी आहेत, तिथे सुखी राहू दे. आणि यापुढे कलमांचे गुण एकवीस दिवसांनी, मावशींना विचारून."

मावशीने खिडकीतून ओरडून आकडा सांगितला. बाहेर घुमीने "काय?" म्हणून असा सूर लावला की चार वर्ग दारात आले. शाळेने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

सरांनी सही केली, टोपण लावलं आणि पेन पुढे धरलं.

"ती गाठ... एकदा दाखवा बघू."

मावशीने पेनावर पट्टी बांधली. दोन वेढे, एक उलटा, टोक आत.

सरांनी ओढून पाहिली. सुटली नाही. पेन त्यांनी तसंच खिशाला लावलं, पट्टीसकट.